जनाबाईंचे जाते आणि पिठाचे वय

संत जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. आईचे नाव करुंड, वडिलांचे दमा. घर गरीब, पण विठ्ठलभक्तीचे. वडिलांनी लहानग्या जनीला पंढरपुरात दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवले आणि तिचे सारे आयुष्य तिथेच गेले. दामाशेटींचे पुत्र नामदेव पुढे जनाबाईंचे गुरू झाले. भरल्या घरातले दळण, कांडण, पाणी, शेण-गोवऱ्या हे सगळे जनाबाईंकडे. तीनशेहून अधिक अभंग त्यांच्या नावावर आहेत. विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसे, ही कथा घरोघरी ठाऊक आहे.

मला मात्र वैद्यकाच्या सवयीने प्रश्न पडतो, पहाटेचे हे दळण रोज कशासाठी? महिन्याचे एकदम का नाही?

याचे उत्तर दाण्यात आहे. वाळलेला अखंड दाणा म्हणजे बंद पेटी. कोंड्यात फेरुलिक आम्लासारखी संयुगे, बीजांकुरात तेल आणि ई जीवनसत्त्व. हल्ली डब्यांवर मोठ्या अक्षरांत छापतात ती अँटिऑक्सिडंट हीच. ऑक्सिजनमुळे होणारी नासाडी ती रोखून धरतात. दाणा भरडला की तेल हवेच्या आणि दाण्यातल्याच विकरांच्या तावडीत सापडते. बाजरीचे पीठ काही दिवसांत कडू होते ते यामुळेच. त्या काळी यावर उपाय एकच होता, जनीची झोपमोड!

मोड आले की दाणा आणखी बदलतो. लोह अडवून ठेवणारे फायटेट घटते, क जीवनसत्त्व तयार होते. रक्त कमी असलेल्या बायका आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज येतात. त्यांना मी मोडाच्या नाचणीचे सत्त्व सुचवतो. लोहाच्या गोळ्या त्यासाठी बंद करायच्या नाहीत, हेही सांगतो. ज्वारीचे कच्चे मोड मात्र कुणीही खाऊ नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. सायनाइड सोडणारे तेच द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते.

आता गिरणी हाकेच्या अंतरावर आहे. आठ दिवसांपुरतेच दळून आणावे, चाळणीतला कोंडा पिठातच राहू द्यावा. एवढ्यासाठी घरातल्या कुणा एकीला पहाटे उठवण्याची गरज उरलेली नाही.

परंपरेनुसार 1350 साली जनाबाईंनी पंढरपुरात देह ठेवला. जवळच गोपाळपुरात त्यांचे म्हणून एक जाते आजही दाखवतात.