डॉ. शांतिस्वरूप भटनागर : प्रयोगशाळेतून देशाच्या कारभारात

शास्त्रज्ञ म्हटला की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. पांढरा अंगरखा, हातात काचेची नळी आणि जगाचा विसर पडलेला माणूस. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. ती नळी ज्या टेबलावर ठेवायची ते टेबल, ते टेबल ज्या इमारतीत आहे ती इमारत, आणि तिथे काम करणाऱ्यांचा पगार, हे सारे कोणीतरी उभे करावे लागते. भारतात हे काम ज्यांनी अंगावर घेतले ते स्वतःच एक नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे नाव डॉ. शांतिस्वरूप भटनागर. त्यांची जीवनकथा आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शांतिस्वरूप यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. मूल आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. आईने मुलाला घेऊन माहेर गाठले, आणि बालपण संयुक्त प्रांतातील सिकंदराबाद येथे आजोबांच्या घरी गेले. आजोबा इंजिनियर होते. त्यांच्याकडील यंत्रे आणि अवजारे हीच या मुलाची खेळणी झाली. त्याच घरात उर्दू आणि फारसी काव्याचीही परंपरा होती. म्हणून एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात कविता असा हा मुलगा वाढला.

१९०८ साली तो लाहोरला आला. त्याला आणणारे होते लाला रघुनाथ सहाय, वडिलांचे मित्र आणि दयालसिंग हायस्कूलचे मुख्याध्यापक. आम्ही शिक्षक आहोत म्हणून नव्हे, पण या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पोरक्या मुलाची हुशारी ओळखून एका शाळामास्तराने त्याची जबाबदारी घेतली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. पुढे १९१५ मध्ये लालाजींची कन्या लाजवंती हिच्याशीच शांतिस्वरूप यांचा विवाह झाला.

१९११ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी अलाहाबादच्या 'लीडर' पत्रात एक छोटे टिपण छापून आणले. विजेच्या बॅटरीत कोळशाची कांडी लागते. तिच्याऐवजी उसाची मळी आणि कोळशासारखे पदार्थ दाबून व तापवून कांडी कशी करता येईल, हे त्यात सांगितले होते. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा चिकट पाक. आपल्या ऊसवाल्या बेटावर ती कोणाला ठाऊक नाही? टाकाऊ वस्तूकडे पाहून तिचा उपयोग शोधण्याची ही दृष्टी त्यांना जन्मभर सोडून गेली नाही.

लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून १९१६ मध्ये बी.एस्सी. आणि १९१९ मध्ये रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर दयालसिंग ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली. इंग्लंडमार्गे अमेरिकेला जायचे ठरले होते. परंतु पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी बोटी भरून गेल्या होत्या. जागा मिळेना. तेव्हा ते लंडनमध्येच राहिले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक डोनन यांच्या हाताखाली संशोधन करून १९२१ मध्ये डी.एस्सी. झाले. त्याच वर्षी ते परतले, ते पंडित मदनमोहन मालवीयांच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात. तेथे तीन वर्षे शिकवले, आणि त्या विद्यापीठाचे कुलगीतही त्यांनीच लिहिले. रसायनाचा प्राध्यापक विद्यापीठाचे गीत लिहितो, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगण्यासारखी आहे.

१९२४ ते १९४० ही सोळा वर्षे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात गेली. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे मोठे काम याच काळातले. चुंबकाच्या साहाय्याने पदार्थाची रासायनिक घडण ओळखण्याच्या शास्त्रात त्यांनी नाव मिळवले. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये पदार्थ ठेवला तर काही पदार्थ किंचित आत ओढले जातात, काही किंचित बाहेर ढकलले जातात. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही. ती प्रकाशलहरींच्या साहाय्याने मोजणारा तराजू त्यांनी के. एन. माथूर यांच्याबरोबर १९२८ मध्ये तयार केला. लंडनच्या अॅडम हिल्गर कंपनीने तो बनवून विकला. १९३५ मध्ये या दोघांचा त्या विषयावरील ग्रंथही प्रसिद्ध झाला.

पण त्यांचे दार कारखानदारांनाही उघडे होते. सर गंगाराम यांच्यासाठी त्यांनी उसाच्या चिपाडांपासून, म्हणजे आपण ज्याला बगास म्हणतो त्यापासून, गुरांसाठी खाद्य करण्याची रीत शोधली. त्यानंतर रावळपिंडीच्या अटक ऑइल कंपनीची अडचण त्यांच्यापुढे आली. जमिनीत तेलासाठी भोक पाडताना पातळ चिखल वापरतात. तो चिखल खाऱ्या पाण्याला लागला की घट्ट होऊन बसे आणि काम थांबे. डॉ. भटनागरांनी ओळखले की हा यंत्राचा प्रश्न नसून रसायनाचा आहे. क्षारामुळे चिखलातील बारीक कण एकमेकांना चिकटतात. त्यांनी चिखलात एक देशी डिंक मिसळला. कण वेगळे राहिले, चिखल पातळ राहिला आणि काम सुरू झाले.

कंपनीच्या मालकांना, लंडनच्या स्टील ब्रदर्सना, इतका आनंद झाला की पेट्रोलियमवरील संशोधनासाठी त्यांनी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही केवढी रक्कम! डॉ. भटनागरांनी ती विद्यापीठामार्फत घेतली आणि तिच्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग व विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. स्वतःचा वाटा घेतला नाही. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचे पुढचे वळण इथेच ठरले. एका डिंकाने एक विहीर चालू होते, पण त्या पैशातून दहा तरुण तयार झाले तर दहा विहिरी चालू होतील, हा हिशेब त्यांना कळला होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारी रसायने, औषधे व यंत्रे यांची आवक अडली. भारताला आपले आपण काहीतरी करणे भाग पडले. व्हाइसरॉयच्या मंडळातील सर रामस्वामी मुदलियार यांच्या पुढाकाराने एप्रिल १९४० मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्याचे प्रमुख म्हणून डॉ. भटनागरांना बोलावण्यात आले. त्यांनी लाहोर सोडले. आरंभी कलकत्त्यातील अलीपूरच्या सरकारी चाचणीगृहात काम सुरू झाले. वर्षाला पाच लाख रुपये, थोडी माणसे, आणि युद्धाची घाई. प्रयोगशाळेत निघालेला शोध कपाटात पडून राहू नये म्हणून तो कारखान्यांपर्यंत नेणारी समिती त्यांनी १९४१ मध्ये नेमवून घेतली. त्याच वर्षी विधिमंडळाने संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल दहा लाख रुपये मंजूर केले. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद अस्तित्वात आली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९४३ मध्ये त्यांना सदस्य करून घेतले, परंतु तोवर त्यांचा बहुतेक दिवस फायलींत जाऊ लागला होता.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंचा पूर्ण विश्वास त्यांना लाभला. प्रयोगशाळा एकामागून एक उभ्या राहिल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला मुंबई प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी ६ एप्रिल १९४७ रोजी बसवली. तिच्या उभारणीला टाटांच्या दानाचाही हातभार लागला. ३ जानेवारी १९५० रोजी पंडितजींनी तिचे उद्घाटन केले. त्याच महिन्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही सुरू झाली. डॉ. भटनागरांच्या हयातीत अशा डझनभर संस्था झाल्या. १९४८ मध्ये नेमलेल्या अणुशक्ती आयोगात डॉ. भाभा व डॉ. कृष्णन यांच्या जोडीला ते होते. सरकारात ते सचिव झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे पहिले अध्यक्षही झाले.

सर्वांनाच हे पटले असे मात्र नाही. डॉ. मेघनाद साहा आणि सर चंद्रशेखर रामन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांनी या धोरणावर टीका केली. मोठ्या इमारती उठतात, पण पैसा आणि हुशार माणसे विद्यापीठांपासून दूर जातात, मग पुढची पिढी शिकणार कोणाकडे, असा साहांचा प्रश्न होता. आम्हा शिक्षकांना हा प्रश्न हलका वाटत नाही. जिथे संशोधन चालते तिथेच विद्यार्थी असावा, हे खरेच आहे. पण भारताजवळ तेव्हा वेळ थोडा होता आणि कारखाने कमी होते, हेही तितकेच खरे. डॉ. भटनागरांनी जे हाती होते त्यातून मार्ग काढला. त्याची किंमतही त्यांनी स्वतः मोजली. लाहोरची आवडती प्रयोगशाळा कायमची सुटली, आणि फाळणीनंतर ती परक्या देशात गेली.

१९४६ मध्ये पत्नी लाजवंती वारल्या. त्यांच्या आठवणीसाठी पतीने लिहिलेल्या उर्दू कविता 'लाजवंती' याच नावाने पुस्तकरूपाने निघाल्या. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने डॉ. भटनागर गेले, तेव्हा त्यांना एकसष्ट वर्षेही पुरी झाली नव्हती. १९५७ मध्ये त्यांच्या नावाने विज्ञानाचा पुरस्कार ठेवण्यात आला. २०२३ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नवी मांडणी केली तेव्हा तरुण शास्त्रज्ञांच्या पुरस्काराला त्यांचेच नाव दिले.

वाचकहो, आपल्या मुलांपैकी कोणी रसायनशास्त्र शिकेल, कोणी सरकारी कचेरीत जाईल. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत असे त्यांना वाटू देऊ नये. ज्याला नळीतला चिखल समजतो त्याने अंदाजपत्रकातला आकडाही समजून घेतला, तर देशाचे भले होते. आणि ज्या घरात एखादे पोरके, हुशार मूल असेल, त्या घराच्या शेजाऱ्यांनी लाला रघुनाथ सहाय यांची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.