विश्लेषण : ना भिंत, ना बेड्या… तरी सुटका नाही! रत्नागिरीच्या टेकडीवर ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची ३० वर्षे कशी गेली?

रत्नागिरीला जाणारा पर्यटक संध्याकाळी थिबा पॉइंटवर हमखास पोहोचतो. खाली भाट्याची खाडी, पलीकडे नारळीची रांग, समोर अरबी समुद्र आणि बुडणारा सूर्य असा देखावा तिथून दिसतो. या जागेला ज्याचे नाव मिळाले, त्या माणसासाठी मात्र हा देखावा कैदेचा भाग होता. ब्रह्मदेशाचा (आताचे म्यानमार) शेवटचा राजा थिबा वयाच्या २७ व्या वर्षी येथे आणला गेला आणि ५७ व्या वर्षी येथेच वारला. त्याला साखळदंड घातले नव्हते, काळकोठडीतही टाकले नव्हते. तरीही त्याला पळून जाता आले नाही आणि मायदेशी परतताही आले नाही. असे का घडले, याचे बरेचसे उत्तर रत्नागिरीच्या भूगोलात आहे.

थिबा राजा कोण होता?

थिबाची जन्मतारीख १ जानेवारी १८५९ मानली जाते. त्याचे वडील मिंडोन हे ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचे राजे. त्यांनी १८५७ मध्ये मंडाले टेकडीच्या पायथ्याशी नवी राजधानी वसवली. थिबा काही काळ मंडालेतील मिशनरी शाळेत शिकला, नंतर बौद्ध मठात राहून त्याने पाली धर्मग्रंथांचा अभ्यास केला आणि त्या परीक्षेत यशही मिळवले. मिंडोन यांना अनेक राण्या आणि डझनावारी मुले होती. त्या गर्दीत हा शांत, अभ्यासू राजपुत्र गादीचा प्रमुख दावेदार नव्हता.

१८७८ मध्ये मिंडोन यांचे निधन झाले आणि दरबारातील एका गटाने थिबाला पुढे केले. त्यामागे राणी सिनब्युमाशिन होती. तिची मुलगी सुपयालत ही थिबाची सावत्र बहीण आणि पट्टराणी. त्या घराण्यात असे विवाह रूढ होते. फेब्रुवारी १८७९ मध्ये राजघराण्यातील सुमारे ८० जणांची हत्या झाली. त्यात थिबाचा हात किती आणि सासू-पत्नीच्या गटाचा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण या हत्याकांडाने थिबाचे नाव जगभर काळवंडले आणि इंग्रजांच्या हाती हस्तक्षेपाचे एक कारण आले.

राज्य गेले ते कशामुळे?

तात्कालिक कारण होते सागवान. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातील जंगलांतून सागवानाचे ओंडके नेत असे. कंपनी कमी ओंडके दाखवून रक्कम बुडवते, असा ठपका ठेवत राजाच्या मंत्रिमंडळाने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच काळात मंडालेचा दरबार फ्रान्सशी जवळीक साधत होता. फ्रेंच व्हिएतनाममध्ये पाय रोवत असल्याने इंग्रजांना ते खुपत होते.

ऑक्टोबर १८८५ मध्ये इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता पाठवला. नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावती नदीतून आगबोटींनी वर सरकली आणि दोन आठवड्यांच्या आत मंडालेत पोहोचली. २९ नोव्हेंबरला थिबाला राणीसह राजवाड्यातून बाहेर काढून बोटीवर चढवण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी, म्हणजे त्याच्या २७ व्या वाढदिवशी, त्याचे राज्य ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाल्याची घोषणा झाली.

राजघराण्याचा प्रसिद्ध ‘न्गा माउक’ माणिकही त्याच धामधुमीत नाहीसा झाला. तो कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे गेला, असे थिबा अखेरपर्यंत सांगत राहिला. अर्ज-विनंत्या करूनही माणिक त्याला परत मिळाला नाही.

रत्नागिरीच का निवडली गेली?

राजाला आधी रंगूनला आणि तिथून मद्रासला नेण्यात आले. तिसऱ्या मुलीचा जन्म मद्रासमध्येच झाला. पण इतक्या मोठ्या बंदरात पदच्युत राजा ठेवणे सोयीचे नव्हते. ब्रह्मदेशात बंडाळी सुरू होती आणि राजाच्या नावाने लोक हत्यारे उचलत होते. म्हणून बंगालच्या उपसागराकडे पाठ असलेले, वर्दळीपासून दूरचे ठिकाण हवे होते. एप्रिल १८८६ मध्ये ‘क्लाइव्ह’ नावाच्या जहाजाने राजपरिवार रत्नागिरीला उतरला.

रत्नागिरी शहर जांभ्या दगडाच्या सड्यांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलेले आहे. एका बाजूला समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग आहे. नगर जिल्ह्यातील कोल्हारप्रमाणे या किल्ल्यावरही भगवतीचे मंदिर आहे. दक्षिणेला काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तर उत्तरेला मिऱ्या डोंगर आहे. खाली बंदर आणि वाड्या, वर कातळाचे माळ, आणि दोहोंना जोडणाऱ्या चढणीच्या वाटा अशी ही रचना आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. कोल्हापूरला जायचे तर आंबा घाट चढावा लागे. तिथेही रेल्वे आली ती १८९१ मध्ये. रत्नागिरीला रेल्वे पाहण्यासाठी १९९० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली.

मुंबईशी संबंध होता तो आगबोटींचा. पावसाळ्यात समुद्र खवळला की तोही तुटे. वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात राजाला ठेवले की निसर्गच निम्मा पहारा देणार, हा हिशेब सरळ होता. उरलेल्या पहाऱ्यासाठी एक इंग्रज पोलीस अधिकारी आणि काही शिपाई पुरेसे होते.

टेकडीवरचे आयुष्य कसे होते?

सुरुवातीची २४ वर्षे राजपरिवार सरकारने ठरवून दिलेल्या बंगल्यांत राहिला. धाकटी राणी सुपयागले ही सुपयालतची सख्खी बहीण. तीही सोबत होती. चौथी मुलगी १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. पेन्शन सरकारकडून मिळे, पण राजाचा हात सढळ होता. दानधर्म, नोकरचाकर आणि सणसमारंभ यांवरचा खर्च भागेना. मंडालेहून आणलेले हिरे-माणके एकेक करून विकले गेले आणि कर्ज वाढत गेले. पत्रव्यवहार, पाहुणे, बाहेर पडणे या सगळ्यांवर देखरेख होती. मुलींची लग्ने हा तर सुटता न सुटणारा प्रश्न होता. ब्रह्मी राजकन्येला शोभेल असा वर कोकणात मिळणे शक्य नव्हते आणि ब्रह्मदेशातून कोणी येणे सरकारला नको होते.

राजाने अर्जांमागून अर्ज केले. पेन्शन वाढवावी, जप्त केलेली रत्ने परत द्यावीत, योग्य निवासस्थान द्यावे, अशा त्याच्या मागण्या होत्या. त्यातली एक मोठी मागणी मान्य झाली, तीही दोन तपांनंतर. ती होती नव्या राजवाड्याची.

राजवाडा बांधला, मग कैद संपली का?

नाही. ती अधिक देखणी झाली, इतकेच. नोव्हेंबर १९१० मध्ये राजपरिवार भाट्याच्या खाडीवरील टेकडीवर बांधलेल्या वाड्यात राहायला गेला. जांभ्याच्या लाल रंगाची ही इमारत, तिची उतरती कौलारू छपरे, रंगीत काचा बसवलेल्या अर्धगोलाकार खिडक्या आणि संगमरवरी फरशीचे दालन आजही पाहता येते. लाकूडकामात ब्रह्मदेशातील सागवान वापरल्याचे सांगितले जाते. ज्या सागवानाच्या दंडावरून राज्य गेले, त्याच सागवानाचे छत अखेर राजाच्या डोक्यावर आले.

वाड्याची जागा मोक्याची होती. वरच्या सज्जातून खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत दिसत असे. मंडालेत राजवाडा टेकडीच्या पायथ्याशी होता आणि राजाकडे पाहायला लोक येत. इथे राजा टेकडीवर होता आणि लोकांच्या जाण्या-येण्याकडे तो पाहत होता. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० साली आलेल्या कादंबरीने ही प्रतिमा जगभर पोहोचवली. पण उंचीचा दुसरा अर्थही होता. ज्या टेकडीवरून सगळे दिसते, ती टेकडीही सगळ्यांना दिसते. चढणीची वाट मोजकी, फाटकावर पहारा आणि खाली खाडी अशा जागी राहणाऱ्या माणसाला नजरेआड होणे अवघडच होते.

टिळकांशी या कथेचा संबंध काय?

इतिहासाने इथे एक विलक्षण अदलाबदल केली. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीचा. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवले. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत अशी स्थिती १९१४ पर्यंत होती. १९१०-११ च्या ज्या हिवाळ्यात थिबा नव्या वाड्यात रुळत होता, त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहीत होते.

हे धोरण नवे नव्हते. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला पाठवले गेले आणि १८६२ मध्ये तो तिथेच वारला. इजिप्तच्या अरबी पाशाला सिलोनला, तर आफ्रिकेतील अशांटी राजा प्रेम्पेह याला सेशेल्स बेटांवर ठेवले गेले. आपल्या अहमदनगरलाही (आताचे अहिल्यानगर) दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धकैद्यांची छावणी होती. ज्या भूमीत माणसाला ओळखणारे, त्याची भाषा बोलणारे कोणी नाही, तिथे तटबंदीची गरज उरत नाही, हे साम्राज्याने नेमके ओळखले होते.

मृत्यूनंतर तरी राजा मायदेशी गेला का?

धाकटी राणी १९१२ मध्ये वारली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले. मृतदेह ब्रह्मदेशात नेऊ द्यावा, असा सुपयालतचा आग्रह होता. पण राजाची समाधी मंडालेत झाली तर ती असंतोषाचे केंद्र बनेल, ही सरकारची धास्ती. दोन वर्षांहून अधिक काळ शवपेट्या तशाच राहिल्या. अखेर मार्च १९१९ मध्ये राणीच्या इच्छेविरुद्ध राजा आणि धाकट्या राणीचे दफन रत्नागिरीत करण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच कुटुंबाला ब्रह्मदेशात परतण्याची मुभा मिळाली, तीही मंडालेला नव्हे, रंगूनला. सुपयालत १९२५ मध्ये तिथे वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे. बहादूरशहाची कबरही त्याच परिसरात आहे.

राजकन्यांचे पुढे काय झाले?

कैदेची खरी किंमत पुढच्या पिढीने मोजली. थोरल्या राजकन्येला बंगल्यावरील मराठी दरवान गोपाळ सावंत यांच्यापासून १९०६ मध्ये मुलगी झाली. सावंत आधीच विवाहित होते. ही मुलगी म्हणजे टुटू. ब्रह्मदेशात गेलेली थोरली राजकन्या मुलीला घेऊन रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये हलाखीत वारली. टुटूने रत्नागिरीतच संसार केला. ती मराठीच बोलत असे. मंडालेच्या राजाची ही नात २००० साली रत्नागिरीत वारली, तेव्हा तिचे आयुष्य आसपासच्या कष्टकरी बायकांसारखेच झाले होते.

दुसऱ्या राजकन्येने घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केले आणि ती कालिम्पाँगला स्थायिक झाली. धाकटीने ब्रह्मदेशात परतल्यावर घराण्याचा हक्क जाहीरपणे मागितला. इंग्रजांनी तिला मौलमेनला हलवले आणि १९३६ मध्ये ती तिथेच वारली. वडिलांवर आणलेली वेळ मुलीवरही आली.

आज त्या टेकडीवर काय उरले आहे?

थिबा राजवाडा आता राज्य सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे संरक्षित स्मारक म्हणून असून तिथे संग्रहालय आहे. राजाची समाधी शहरातील शिवाजीनगर भागात आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीत येऊन या समाधीचे दर्शन घेतले. अवशेष मायदेशी न्यावेत, असा विचार म्यानमारमधून अधूनमधून मांडला जातो. तसाच विचार बहादूरशहाच्या कबरीबाबत भारतातही मांडला जातो. दोघेही अजून परमुलखातच आहेत.

थिबा पॉइंटवर गेलेल्यांनी सूर्यास्ताचा फोटो काढल्यावर क्षणभर मागे वळून वाड्याच्या खिडक्यांकडेही पाहावे. खाली खाडीतल्या होड्या आजही भरतीच्या वेळी आत येतात आणि ओहोटीला बाहेर पडतात. वाड्यातून त्या रोज पाहणाऱ्या राजाला मात्र त्यांपैकी एकीतही बसता आले नाही.