विश्लेषण : टीव्हीवरच्या ‘मुंग्यां’ना कलेचा मान कुणी दिला?

नेरळच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे मुंबई. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की चित्र क्षीण होते आणि पडद्यावर मुंग्या येतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे डोंगराआडच्या गावांत एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून चित्र आले की गेले ते ओरडून सांगायचे, हे ठरलेलेच होते. याच बिघाडात एका माणसाला कला दिसली. त्याचे नाव नाम जून पाइक.

पाइक कोण होते?

जन्म २० जुलै १९३२, सोल. १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटल्यावर कुटुंबाने देश सोडला. टोकियोत शिक्षण झाले आणि पुढे संगीताच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले. मार्च १९६३ मध्ये वुपर्टाल शहरात त्यांनी डझनभर टीव्ही संच मांडून प्रदर्शन भरवले. नेताना एक संच बिघडला. त्यावर फक्त एक आडवी रेघ उरली. पाइक यांनी तो दुरुस्त केला नाही. संच आडवा केला, रेघ उभी झाली आणि तीच कलाकृती ठरली.

चित्र बिघडवायचे कसे?

जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर चित्र रेखाटतो. लोहचुंबक जवळ आला की झोत वाकतो. १९६५ मध्ये पाइक यांनी टीव्हीवर मोठा चुंबक ठेवला आणि पडद्यावर वलयांचे आकार उमटले. चुंबक सरकवला की चित्र बदलायचे. एकतर्फी चालणाऱ्या टीव्हीत पाहणाऱ्याला हात घालता आला. १९६९ मध्ये जपानी अभियंता शुया आबे यांच्यासह त्यांनी चित्रांचे रंग-आकार बदलणारे यंत्र तयार केले. १९७४ मध्ये बुद्धमूर्तीसमोर कॅमेरा आणि टीव्ही ठेवला. बुद्ध स्वतःलाच पाहत बसलेला! आज अशा मुद्दाम केलेल्या बिघाडाला ‘ग्लिच आर्ट’ म्हणतात.

आता अडचण काय?

१९९६ मध्ये पक्षाघात झाल्यानंतरही पाइक काम करत राहिले. २९ जानेवारी २००६ रोजी मायामीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर ॲनालॉग टीव्हीच संपत गेला. अमेरिकेत २००९ मध्ये मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले. दूरदर्शननेही २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता ते गुंडाळले. डिजिटल चित्र क्षीण झाले की मुंग्या येत नाहीत. चौकोन पडतात, नाहीतर पडदा कोरा राहतो.

पाइक यांचा १००३ टीव्हींचा मनोरा १९८८ पासून दक्षिण कोरियातील ग्वाचॉनच्या संग्रहालयात आहे. जीर्ण संचांमुळे तो २०१८ मध्ये बंद करावा लागला. २०२२ मध्ये तो पुन्हा उजळला, तेव्हा ७३७ संच दुरुस्त करून किंवा जुन्या बाजारातून मिळवून बसवले होते. उरलेल्या २६६ ठिकाणी सपाट पडदे लावावे लागले. आता पिक्चर ट्यूब जवळपास कुणीच बनवत नाही. पुढच्या दुरुस्तीला हे सपाट पडदे आणखी वाढतील. मग चुंबकाने वाकणारा झोत नसलेल्या पडद्यावर पाइक यांची कला कितपत उरेल, हा संग्रहालयांपुढचा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे तसले संच केव्हाच भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेले.