युरी गागारिन आणि त्यांचे स्वाक्षरीचे पुस्तक

वाचकहो, नाणी आणि पोस्टाची तिकिटे जमविणारे लोक आपण पाहिले आहेत. परंतु मानवाच्या पहिल्यावहिल्या अंतराळप्रवासावरील पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या, आणि त्याही प्रत्यक्ष अंतराळवीराच्या स्वाक्षरीच्या, शोधीत हिंडणारे संग्राहक जगभर आहेत, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अशा संग्रहात ज्या एका नावास मोठा मान आहे ते नाव म्हणजे युरी गागारिन. त्यांच्या चरित्राकडे या वेळी त्यांच्या पुस्तकाच्या वाटेने जाऊ या.

गागारिन यांचा जन्म 9 मार्च 1934 रोजी रशियातील स्मोलेन्स्क प्रांतातल्या क्लुशिनो या खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत, आई सामुदायिक शेतावर राबे. 1941 साली मुलाचे नाव शाळेत घातले न घातले तोच जर्मन फौजा गावात शिरल्या. घर शत्रूने बळकावले. आईबाप आणि मुले सुमारे तीन मीटर लांबीरुंदीच्या मातीच्या खोपटात एक वर्ष नऊ महिने राहिली. थोरला भाऊ व बहीण यांना वेठीला धरून नेण्यात आले. ती दोघे युद्ध संपल्यावर परतली. शत्रू हटल्यावर शाळा पुन्हा भरली, पण क्रमिक पुस्तके कोठून असणार? मुले पायदळाच्या नियमपुस्तिकेवर वाचन शिकली. ज्याच्या पुस्तकाची प्रत आज श्रीमंत लोक काचेच्या कपाटात जपतात, त्याचे स्वतःचे पहिले वाचनपुस्तक हे असे होते!

पुढे गणित व विज्ञान शिकविणारे लेव्ह बेस्पालोव्ह हे शिक्षक त्यांना लाभले. ते युद्धात हवाई दलात होते. विमानाची ओढ लागण्यास असा एक शिक्षक पुरतो, असे आम्हा शिक्षकांना तरी वाटते. ओतकामाचे शिक्षण घेत, सारातोव्ह येथील तंत्रशाळेत शिकत, तेथील फ्लाइंग क्लबात गागारिन विमान चालवू लागले. 1960 मध्ये अंतराळवीर म्हणून निवडलेल्या वीस वैमानिकांत ते आले. उंची अवघी 157 सेंटिमीटर. पण यानही लहानच असल्याने ही उणीव सोयीची ठरली.

12 एप्रिल 1961 रोजी व्होस्टोक यानातून त्यांनी पृथ्वीस एक प्रदक्षिणा घातली. सारा प्रवास 108 मिनिटांचा. भंडाऱ्याहून एस.टी.ने नागपूर गाठावे, जवळपास तेवढ्याच वेळात हा माणूस जगाभोवती फिरून आला. आणि उतरला कोठे, तर जेथे विमान उडविण्यास शिकला त्या सारातोव्हच्याच परिसरात.

त्याच वर्षी त्यांचे आत्मकथन रशियन भाषेत निघाले. नावाचा अर्थ ‘अंतराळाचा मार्ग’. ‘प्रावदा’ दैनिकाच्या बोर्झेन्को व डेनिसोव्ह या वार्ताहरांनी ते शब्दबद्ध केले होते. मॉस्कोहून त्याचे इंग्रजी भाषांतरही आले.

आता आपण विचाराल, पुढच्या आवृत्त्या अधिक सुधारलेल्या असताना पहिलीच कशाला हवी? उत्तर असे की, त्या वेळी काय सांगण्यास मुभा होती आणि काय नव्हती, हे पहिल्या आवृत्तीतच दिसते. गागारिन यान जमिनीवर येण्यापूर्वी सुमारे सात किलोमीटर उंचीवर बाहेर पडले आणि वेगळ्या पॅराशूटने उतरले. परंतु विक्रमाच्या तत्कालीन नियमानुसार वैमानिकाने यानासहच उतरणे आवश्यक होते, म्हणून ही गोष्ट अनेक वर्षे झाकून ठेवण्यात आली. पहिल्या आवृत्तीत ती शोधू नका, मिळणार नाही. तसेच यान घडविणारे सेर्गेई कोरोलेव. पुस्तकात ते केवळ ‘मुख्य रचनाकार’ आहेत. त्यांचे नाव जगास कळले ते 1966 साली, मृत्यूनंतर. ज्याने अंतराळाचे दार उघडले त्यास जिवंतपणी स्वतःच्या नावाने शाबासकी मिळू नये, आणि ज्याने उड्डाण केले त्याने हजारो सह्या द्याव्यात! प्रस्तुत लेखकास त्या स्वाक्षरीपेक्षा ही मोकळी राहिलेली जागाच अधिक मोलाची वाटते.

स्वाक्षरीचे मोल संग्राहकांना का, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत अंतराळवीरांच्या नावाने सह्या करणारे यंत्रच वापरले जाई, त्यामुळे खरीखोटी ओळखणे हेच एक शास्त्र होऊन बसले. नील आर्मस्ट्राँग यांनी तर 1994 पासून सह्या देणेच थांबविले.

उड्डाणानंतर गागारिन देशोदेशी गेले. 1961 च्या नोव्हेंबरअखेर ते भारतात आले. दिल्ली, लखनौ, मुंबई, कलकत्ता, हैदराबाद असा त्यांचा दौरा झाला. तेव्हा आपल्या घरी वडिलांच्या पेटीत मॉस्कोत छापलेले एखादे जुने पुस्तक असेल, तर रद्दीत घालण्याआधी मुखपृष्ठाच्या आतले पान आणि छपाईचे साल अवश्य पाहा.

27 मार्च 1968 रोजी सरावाच्या उड्डाणात मिग विमान कोसळून गागारिन व त्यांचे सहवैमानिक सेर्योगिन मरण पावले. गागारिन यांचे वय 34 वर्षांचे होते. मानसशास्त्र व अंतराळ या विषयावर लेबेदेव या सहलेखकाबरोबर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्याच वर्षी, ते गेल्यावर, बाहेर पडले. त्याच्या पहिल्या आवृत्तीवर लेबेदेव यांची सही मिळू शकते. गागारिन यांची मिळणे शक्य नाही.