चार्ल्स समनर यांच्या पत्रांचा ठेवा

आम्हा वकिलांना कागद जपण्याची सवय असते. पण मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर (१८११-१८७४) यांच्या कागदांपुढे आमच्या फायली काहीच नाहीत. गुलामगिरीविरुद्ध हयात घालवलेल्या या कायदेपंडिताला आलेली हजारो पत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात सुरक्षित आहेत. त्यांनी स्वतः लिहिलेली पत्रे मात्र ज्याच्या-त्याच्या घरी राहिली. मित्र एडवर्ड पिअर्स यांनी त्यातली बरीच मिळवून १८७७ ते १८९३ या काळात चार खंडांचे चरित्र सिद्ध केले. पुढे १९९० साली बेव्हर्ली पामर यांनी निवडक पत्रांचे दोन खंड संपादित केले.

समनर जन्माने गोरे, बोस्टनचे, हार्वर्डचे पदवीधर. १८३८ मध्ये पॅरिसच्या व्याख्यानगृहात काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या बरोबरीने बसलेले त्यांनी पाहिले. आपल्या देशातला भेद निसर्गाने नव्हे, तर शिकवणुकीने केलेला आहे, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. आमच्या मते त्यांच्या आयुष्याची दिशा इथेच ठरली.

१८४९ साली बोस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या काळ्या मुलीचा खटला उभा राहिला. गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून तिला काळ्यांच्या शाळेत जावे लागे. काळे वकील रॉबर्ट मॉरिस यांच्यासोबत समनर तिच्या बाजूने उभे राहिले. त्या युक्तिवादात त्यांनी या भेदाला वंशभेद म्हणून सोडून दिले नाही. त्याला जातिभेद म्हटले आणि भारतातल्या ब्राह्मण-शूद्र व्यवस्थेचा दाखला दिला! १८६९ मध्ये तर जातीच्या प्रश्नावर त्यांनी स्वतंत्र व्याख्यानच रचले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केली तेव्हा समनर हयात होते. दोघांची गाठ पडली नाही, पण दोघांनीही समुद्रापलीकडच्या दुखण्यात आपले दुखणे ओळखले.

साराचा खटला १८५० मध्ये हरला. पण कायद्यापुढे सर्व समान, हे सूत्र समनर यांनी अमेरिकेच्या न्यायालयात ठासून मांडले. १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून अशा वेगळ्या शाळा बंद केल्या.

२२ मे १८५६ रोजी समनर सिनेटमधल्या आपल्या मेजावर कॅन्सासवरील भाषणाच्या प्रती टपालात टाकण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात साऊथ कॅरोलिनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स याने त्यांच्या डोक्यात काठी घातली, आणि ती मोडेपर्यंत तो मारत राहिला. शिक्षा काय? ३०० डॉलर दंड. दक्षिणेतून त्याला नव्या काठ्या भेट आल्या. समनर यांना मात्र उत्तरेतल्या सामान्य माणसांची पत्रे आली, आणि ती जपली गेली. १८५७ मध्ये विधिमंडळाने त्यांना पुन्हा निवडले. ते पूर्णपणे कामावर रुजू झाले ते १८५९ च्या अखेरीस. तोवर मॅसॅच्युसेट्सने ती खुर्ची रिकामी राहू दिली.

पत्रांची ताकद पाहायची तर १८६१ चा नाताळ पाहा. दक्षिणेचे दोन वकील ब्रिटिश जहाजावरून पकडल्याने इंग्लंडशी युद्धाची वेळ आली होती. लिंकन यांच्या मंत्रिमंडळापुढे समनर यांनी जॉन ब्राइट आणि रिचर्ड कॉब्डेन या इंग्रज मित्रांची पत्रे वाचून दाखवली. कैदी सोडण्याचा निर्णय झाला. त्यातला एक, जेम्स मेसन, पळून आलेल्या गुलामांना परत धन्याच्या हवाली करणाऱ्या १८५० च्या कायद्याचा कर्ता होता. त्याची सुटका समनर यांना पचवावी लागली.

माणूस गर्विष्ठ होता, विनोदाचे वावडे होते, हे मान्य केले पाहिजे. स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज त्यांनी १८६६ मध्ये मांडला, तोही ही वेळ नव्हे असे बजावून. हे आम्हाला खटकते.

अखेरची चार वर्षे ते नागरी हक्कांच्या विधेयकासाठी झगडले. हॉटेलात, आगगाडीत, शाळेत काळ्यांना कसे हाकलले जाते, हे सांगणारी काळ्या नागरिकांची पत्रे त्यांनी १८७२ मध्ये सिनेटमध्ये वाचली. साहेबांच्या सभागृहात पीडितांचीच साक्ष! ११ मार्च १८७४ रोजी मरणाच्या दारात असतानाही हे विधेयक सांभाळा, असे ते भेटायला आलेल्यांना विनवीत होते. १८७५ मध्ये ते मंजूर झाले आणि १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले. मंजुरीपूर्वीच त्यातून एक गोष्ट वगळली गेली होती. ती म्हणजे शाळांची तरतूद, जिच्यासाठी समनर सारा रॉबर्ट्सच्या बाजूने उभे राहिले होते.