पहिला नंबर कुणाचा?

हॉस्टेलवर तीन विषय कधीच संपत नाहीत. मेसची भाजी, क्रिकेटची टीम आणि ‘ऑल टाइम फेवरिट’ सिनेमे! रात्री जेवणं आटोपली की कुठल्याही विंगमध्ये डोकावून बघा. एकाच्या यादीत ‘शोले’ पहिला, दुसऱ्याच्या ‘अशी ही बनवाबनवी’. तिसरा ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ सोडून दुसरं नावच ऐकायला तयार नसतो, आणि एखादा ‘गॉडफादर’वाला बाकी सगळ्यांना अडाणी ठरवून खुशाल झोपायला निघून जातो. उद्या सबमिशन आहे हे तेव्हा कुणालाच आठवत नाही.

हा वाद फक्त आपलाच आहे असं मात्र समजू नका. ब्रिटनमधलं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या याद्या मागवतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्हज’ पहिला आला. मग १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ जागचा हलला नाही. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली खेचलं आणि २०२२ मध्ये ‘जान दिएलमान’ सगळ्यांच्या वर जाऊन बसला. सिनेमा बघण्यात आयुष्य घालवलेल्यांचं जिथे एकमत होत नाही, तिथे आपल्या विंगचं कुठून होणार?

तरी यादी करायची म्हटलं की कसोटी हवीच. कितीदा पाहिला? डायलॉग किती पाठ आहेत? किती रडलो? माझी कसोटी जरा वेगळी आहे. जो सिनेमा बघून माणूस खुर्चीतून उठला आणि कामाला लागला, तो त्याचा खरा आवडता सिनेमा. ही कसोटी मला ज्यांच्या आयुष्यात सापडली ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके. त्यांच्या नावाचं ॲवॉर्ड १९६९ पासून दिलं जातं, त्यामुळे नाव सगळ्यांना पाठ आहे. माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. म्हणून हा लेखप्रपंच!

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, मोल्डिंग, जे जे हाताला लागलं ते शिकून घेतलं. आपण एक इलेक्टिव्ह निवडताना सिनियर्सना दहा वेळा विचारतो. या गृहस्थांना सगळीच इलेक्टिव्हज हवी होती!

पुढचा बायोडेटा तर असा की प्लेसमेंट सेलने कपाळावर हात मारावा. गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोघांनाही नेलं. जादूचे प्रयोग शिकले आणि आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते करूनही दाखवले. पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी धरली आणि स्वदेशीच्या चळवळीच्या काळात सोडून दिली. लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईसाठी काम केलं. स्वतःचा छापखाना उभा केला, १९०९ साली त्यासाठी जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचं नाव झालं, पण भागीदारांशी पटेना. चालता धंदा सोडून ते बाहेर पडले. चाळिशी आलेली, घरात बायकोमुलं आणि हातात काही नाही.

आणि अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईत गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. बाकीचे प्रेक्षक पडद्यावर ख्रिस्त बघत होते. फाळक्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभे राहू लागले. हे आपल्याकडे का होऊ नये, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घुसला तो कायमचा. तो सिनेमा त्यांनी पत्नीला, सरस्वतीबाईंना, नेऊन दाखवला. पुन्हा पुन्हा पाहिला. दादासाहेबांनी कधी आवडत्या दहांची यादी केली असती तर पहिल्या नंबरवर काय आलं असतं, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. आवडलेल्या सिनेमाचं आपण काय करतो? पोस्टर लावतो, रिंगटोन ठेवतो. फाळक्यांनी तो सिनेमा चालतो कसा हे शोधायला घेतलं. शुद्ध इंजिनियरचं डोकं! परदेशातून कॅटलॉग मागवले. सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याचं सिनेमॅटोग्राफवरचं पुस्तक मिळवलं. मिळतील ते सिनेमे जाऊन पाहिले, आणि घरी भिंग आणि मेणबत्ती घेऊन फिल्मचे तुकडे रात्र रात्र बघत बसले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. परत आल्यावर त्यांनी काय करावं? विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं!

लंडनमध्ये ओळखीचं कुणी नाही. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन ते थेट संपादकांना भेटले. त्यांच्या ओळखीने हेपवर्थचा स्टुडिओ बघायला मिळाला, म्हणजे ज्याचं पुस्तक वाचलं त्याच्याच वर्कशॉपमध्ये जाऊन प्रॅक्टिकल! विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र खरेदी केलं आणि एप्रिलमध्ये मुंबईला परतले.

पण भांडवल? कुणी विश्वास ठेवेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर बघताना बी रुजलं, कोंब आला, वेल वाढला, सगळं मिनिटभरात! ज्याला आपण टाइम-लॅप्स म्हणतो तो हा प्रकार. फायनल इयरला गाईडला प्रोजेक्ट पटवून द्यायचं असेल तर असा डेमो करावा. पैसे देणारा मिळाला. उरलेली कसर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

सरस्वतीबाईंबद्दल वेगळं लिहायलाच हवं. कोरी फिल्म भोकं न पाडलेली यायची. ती अंधारात, यंत्रावर, हाताने पाडावी लागायची. जरा गणित करून बघू. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडा धरून आठ भोकं. म्हणजे ५९,२०० चौकटी आणि जवळजवळ पावणेपाच लाख भोकं! ही झाली फक्त शेवटी उरलेल्या लांबीची. वाया गेलेली फिल्म आणि वेगळ्या प्रती अजून मोजल्याच नाहीत. भोकात जरा फरक पडला की पडद्यावर चित्र थरथरणार. हे काम सरस्वतीबाई करत. शिवाय फिल्म धुणं, रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. श्रेयनामावलीचा तो जमाना नव्हता, पण भारतीय सिनेमाची पहिली टेक्निशियन म्हणून मी त्यांचंच नाव घेईन.

शूटिंग दादरला झालं. सिनेमात काम करणं इतकं कमीपणाचं होतं की कुणी विचारलं तर आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा, असं फाळक्यांनी आपल्या माणसांना शिकवून ठेवलं होतं. (परेश मोकाशींच्या २००९ च्या सिनेमाचं नाव त्यावरूनच आलं.) दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, पण तारामती व्हायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा साळुंके नावाचा नाजूक हातांचा तरुण त्यांनी हेरला आणि तारामती मिळाली! सहा महिने आणि २७ दिवस खपून चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ ला निवडक लोकांना दाखवला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो सगळ्यांसाठी लागला. लोकांनी गर्दी केली.

(व्हायव्हात अडकू नका म्हणून सांगतो. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १९१२ मध्येच त्याच थिएटरात दाखवला होता. पण तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता, कॅमेरा परदेशी माणसाच्या हातात होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. म्हणून पहिलेपणाचा मान बहुतेक जण ‘हरिश्चंद्र’ला देतात.)

पुढे फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांच्या रूपाने स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, आणि त्याच्या गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म्स कंपनी निघाली, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ आले. पण भागीदारांशी पुन्हा बिनसलं. वैतागून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, परत आले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला आणि मूकपटांचा बाजार उठला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणूनच तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज चिकटवावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा एकमेव बोलपट केला, तेव्हा वय ६७. नंतर काम मिळालं नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांनी सुरू केलेल्या धंद्याला त्यांची आठवण फारशी राहिली नव्हती. टेक्नॉलॉजी ज्याने आणली त्यालाच पुढच्या टेक्नॉलॉजीने बाजूला सारलं. आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने हे एकदा शांतपणे वाचून ठेवावं.

तर माझ्या यादीत पहिला नंबर ‘राजा हरिश्चंद्र’चा. लगेच हरकत येणार, अरे, तू तो पूर्ण पाहिलायस का? नाही. आणि कुणालाच तो पूर्ण पाहता येत नाही. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलंय, आणि तीसुद्धा फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची आहेत असं अनेक अभ्यासक मानतात. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची. तिच्यातच ऑक्सिजन असल्यामुळे एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षांत चिकट होऊन तिची पावडर होते. शिवाय फिल्ममध्ये चांदी असते, ती काढायला कितीतरी रिळं भंगारात गेली. फाळक्यांचे लहानमोठे मिळून शंभराच्या आसपास चित्रपट, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आपल्यापर्यंत आले. तेही पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर यांच्यासारखा माणूस तुकडे गोळा करत फिरला म्हणून. २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला.

म्हणजे आपण ज्याला ‘सर्वकाळचे सर्वोत्तम’ म्हणतो ती यादी मुळात वाचलेल्या सिनेमांची असते. जे जळाले, विरघळले, भंगारात गेले, त्यांना मत मिळतच नाही. कदाचित जगातला सगळ्यात सुंदर सिनेमा कुणाच्या तरी बांगड्या होऊन बसला असेल! म्हणून त्या हरवलेल्या सगळ्यांच्या वतीने माझ्या यादीत एक जागा अर्ध्यामुर्ध्या ‘हरिश्चंद्र’ला. त्याच्या खालचा नंबर ‘कालिया मर्दन’ला. तो बऱ्यापैकी उरलेला आहे, इंटरनेटवर शोधलात तर सापडतो. फाळक्यांची चिमुकली मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते आणि मग बघता बघता कृष्ण होते. शंभर वर्षं उलटून गेली तरी हसू येतंच.

बाकीची आठ नावं मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ती तुमच्याशी भांडूनच ठरवायची आहेत. फक्त यादी करताना प्रत्येक नावापुढे एक जास्तीचा कॉलम आखा. हा सिनेमा संपल्यावर मी काय केलं? कुणी गिटार शिकायला घेतली असेल, कुणी आईला फोन केला असेल, कुणी ब्रांच बदलली असेल. बऱ्याच नावांपुढचा कॉलम कोराच राहील, आणि तसा राहायलाही हरकत नाही, सगळेच सिनेमे त्यासाठी नसतात. पण ज्या एका नावापुढे काहीतरी लिहावंसं वाटेल, त्याला बिनधास्त पहिला नंबर देऊन टाका. मग ‘गॉडफादर’वाला काय म्हणतो याची काळजी करू नका!