रामन, मृदंग आणि वाळू

नागपूरच्या गांधीसागर तलावासमोरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले. बटण दाबावे, चाक फिरवावे आणि काय होते ते पाहावे, अशी तिथली रीत. ज्यांचे नाव या केंद्राला आहे ते चंद्रशेखर वेंकट रामन १९१० मध्ये याच शहरात नोकरीला होते. पण प्राध्यापक म्हणून नव्हे, तर सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी म्हणून.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ मध्ये ते वित्त सेवेत रुजू झाले. कोलकाता, रंगून, नागपूर अशा बदल्या होत राहिल्या. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात भौतिकशास्त्र, असा त्यांचा क्रम होता. १९१७ मध्ये ही भरपगारी नोकरी सोडून ते कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

वाद्यांचे त्यांना विलक्षण कुतूहल. साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली, की त्यातून निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबला आणि मृदंग मात्र सुरात बोलतात. याचे कारण पुडीवरच्या शाईत आहे, हे रामन यांनी १९२० मध्ये दाखवले. शाईच्या वजनामुळे चामड्याची कंपने मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीत बसतात. नुसत्या गणिताने हे डोळ्यांपुढे उभे राहणे कठीण. १९३४ च्या लेखात त्यांनी त्यासाठी बारीक वाळूची मदत घेतली. चामडे हलते तिथली वाळू उडते, स्थिर असते तिथे साचते आणि कंपनाची नक्षी उमटते.

१९२१ मध्ये बोटीवरून परतताना समुद्राचा निळा रंग त्यांनी खिशातल्या लोलकातून तपासला. त्याच वाटेने पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला आणि १९३० चे नोबेल मिळाले. ऐंशीव्या वर्षी, १९६८ मध्ये, अहमदाबादेत ते आकाश निळे का दिसते हे समजावून सांगत होते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

कंपनाची व्याख्या पाठ असलेली मुले पुष्कळ भेटतात. कंपन पाहिलेली थोडी. पातेल्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट ताणून बांधा, वर चिमूटभर मीठ भुरभुरवा आणि जवळ तोंड नेऊन एक सूर मोठ्याने धरा. मीठ नाचू लागेल. सूर बदला, नाचही बदलेल. व्याख्या त्यानंतर सांगावी.